बदलीच्या यादीतून सापडलेलं घर

कोथरूडमधली चाळीसेक वर्षं जुनी, तीन मजली सोसायटी. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं महिना 24 हजार, डिपॉझिट 72 हजार, करार 11 महिन्यांचा. भाडेकरू तिघं: सरकारी बँकेतली अधिकारी, घरून काम करणारा तिचा नवरा आणि चौथीतली मुलगी. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. या कुटुंबाने मला बोलावलं ते राहायला येऊन दोन-तीन महिने झाल्यावर, आणि तोवर मालकीणबाई व भाडेकरू यांच्यात अबोला सुरू झाला होता.

मी घरांच्या सजावटीची कामं करते. भाड्याच्या घरांची कामं आमच्या व्यवसायात फारशी कुणी घेत नाही. त्यात पैसा कमी असतो, सुतारकाम नसतं, दाखवायला फोटोही फार मिळत नाहीत. मला मात्र ही कामं महत्त्वाची वाटतात. नोकरीपायी दर तीन वर्षांनी गाव बदलणारी माणसं वयाची तिशी-चाळिशी भाड्याच्या घरात काढतात. "स्वतःचं घर झालं की मनासारखं करू" म्हणत मुलांचं अख्खं लहानपण पांढऱ्या ट्यूबलाइटखाली आणि खोक्यांच्या शेजारी निघून जातं. हे प्रकरण सविस्तर मांडतेय, कारण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. आपली आवड कोणती, हे मोबाइलवरची चित्रं पाहून कळत नाही. इतक्या वर्षांत आपण काय काय टाकलं आणि काय टाकवलं नाही, त्यातून ती कळते.

अबोल्याचं कारण

घराच्या भिंती फिकट हिरव्या. रंग साधा ऑइल बाउंड डिस्टेंपर, बराच जुना, हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागायची. करारात "भिंतीला खिळे मारू नयेत" असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणून बँकेतल्या या अधिकारी बाईने खिळ्यांऐवजी चिकटपट्टीचे हुक आणले आणि हॉलमध्ये सात-आठ फ्रेम लावल्या. पहिल्या पावसात एकेक करून त्या खाली आल्या आणि येताना रंगाचे पोपडे घेऊन आल्या. दोन ठिकाणी तर रंगाखालची लांबी, म्हणजे पुट्टीसुद्धा निघाली. मालकीणबाई भाड्याची पावती द्यायला वर आल्या तेव्हा त्यांना ते दिसलं. खिळे मारले असते तर चार भोकं पडली असती, इथे तळहाताएवढे आठ डाग पडले होते.

चिकटणाऱ्या हुकांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, म्हणून इथे थोडं थांबते. हे हुक भिंतीला धरत नाहीत, भिंतीवरच्या रंगाला धरतात. रंग प्लॅस्टिक इमल्शनचा असेल, दोन-तीन वर्षांत लागलेला असेल, भिंत कोरडी असेल, तर ते उत्तम काम करतात. काच, टाइल्स, सनमायका यांवर तर प्रश्नच नाही. पण डिस्टेंपर किंवा चुन्यावर ते लावणं म्हणजे सुटत आलेल्या थराला वजन टांगणं. त्यात पुण्याचा पावसाळा. भिंतीवरून हात फिरवा. भुकटी आली तर हुक नको. एवढी परीक्षा पुरेशी आहे.

त्यामुळे माझं पहिलं काम सजावटीचं नव्हतंच. आम्ही दोघी खाली गेलो. तिने सरळ सांगितलं, "काकू, भिंत खराब झाली ती माझ्या हुकांमुळे. ती मी दुरुस्त करून देणार. पण कशी करायची ते तुम्ही सांगा, रंगारी तुमच्याच ओळखीचा बोलवू." काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मला भिंतीचं एवढं नाही. मला विचारलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं." त्या घरात त्यांचा संसार झाला होता, मुलगा तिथे मोठा झाला होता. मालक म्हटलं की आपल्याला डिपॉझिट कापणारा माणूस दिसतो. त्या भिंतींत त्याची वीस-तीस वर्षं असतात, हे लक्षात घेतलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

त्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. हॉलची एक आतली भिंत पूर्ण, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, त्याच रंगात रंगवायची. नुसते डाग भरून चालत नाही. लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, त्याच डब्यातला रंग लावला तरी जुना रंग उतरलेला असतो आणि ठिगळ लांबून ओळखू येतं. दुसरं, त्याच भिंतीवर चार ठिकाणी ड्रिल मारायची परवानगी, कशासाठी ते पुढे येईलच. तिसरं, घराची आजची अवस्था दाखवणारे फोटो दोघींकडे राहतील आणि परवानगी दिलेल्या बदलांचा एक कागद सही करून कराराला जोडला जाईल.

या तिसऱ्या गोष्टीकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. म्हणजे कागद होतोच. मग भिंतीविषयी, पडद्यांच्या दांड्यांविषयी, पंख्या-दिव्यांविषयी दोन ओळी त्यात आधीच घालून घ्यायला काहीच हरकत नसते. "कोणताही बदल करू नये" या एका ओळीत सगळं कोंबलं जातं आणि मग वर्षाच्या शेवटी डिपॉझिट परत घेताना वाद होतात.

सात बदल्यांचा हिशेब

बँकेतल्या बाईने मला मोबाइलवर साठवलेली चित्रं दाखवली. पांढऱ्या भिंती, वेताच्या खुर्च्या, दोऱ्यांची विणलेली झुंबरं, मोठ्या पानांची झाडं. छान होती. पण त्यातली एकही वस्तू तिच्या घरात नव्हती आणि तिच्या बोलण्यातही येत नव्हती. मी विचारलं, मागच्या घरांतलं काय काय आठवतं? ती म्हणाली, आठवायला कशाला हवं, याद्या आहेत ना.

बदली झाली की सामान हलवण्याचा खर्च बँक देते, त्यासाठी सामानाची यादी जोडावी लागते. ही बाई फार शिस्तीची. नोकरीला लागल्यापासूनच्या सात बदल्यांच्या याद्या तिने एका फायलीत लावून ठेवल्या होत्या. आम्ही त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि पेन्सिल घेऊन बसलो. जे एकदाच आलंय त्यावर काट. जे चार याद्यांमध्ये तरी आहे त्याच्याखाली रेघ.

काट बसलेल्या वस्तूंमध्ये दोन सोफा-कम-बेड होते, प्लास्टिकचे रॅक, कापडी फुलं, काचेची टीपॉय, भुशाच्या बोर्डाचं टीव्ही युनिट. रेघ मारलेल्या वस्तू अशा: आईच्या सुती साड्यांची हाताने शिवलेली गोधडी. तांब्याचं घंगाळ. पितळी फुल्या बसवलेले चार सागवानी पाट. दोन लोखंडी ट्रंका, एक तिच्या वडिलांची, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव घातलेलं. नवऱ्याची पेटी, जी तो अजून रविवारी वाजवतो. सावंतवाडीची लाकडी फळं, मुलगी लहान असताना रत्नागिरीच्या बदलीत घेतलेली. आणि पुस्तकं. ती प्रत्येक यादीत खोक्यांच्या आकड्याने वाढत गेलेली.

यादी पाहून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यातलं काहीच आत्ता बाहेर नाहीये." खरंच नव्हतं. गोधडी कपाटात, घंगाळ माळ्यावर, पाट पलंगाखाली, ट्रंका गॅलरीत प्लास्टिक पांघरून. जे तिने कधीच टाकलं नाही ते सगळं झाकलेलं होतं, आणि जे पुढच्या बदलीत टाकलं जाणार ते हॉलमध्ये मांडलेलं होतं.

इथून पुढे काम सोपं झालं. वेताची खुर्ची रद्द झाली. तांबं, साग, सुती कापड, लोखंड: एवढ्यातूनच घर उभं करायचं ठरलं. खर्चाची मर्यादा 40 हजार. आणि एक नियम मी घातला: ज्या वस्तूवर दोन हजारांपेक्षा जास्त खर्च होईल ती पुढच्या गावी सोबत जाणारी असली पाहिजे. अपवाद फक्त भिंतीचा.

उजेड

तिची सगळ्यात मोठी तक्रार फिकट हिरव्या रंगाबद्दल होती. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." संध्याकाळी गेले तेव्हा कारण दिसलं. प्रत्येक खोलीत छताजवळ एकेक एलईडी ट्यूब, 6500 केल्विनची, निळसर पांढरी. त्या उजेडात फिकट हिरवा आजारी दिसतोच. त्याच भिंतीसमोर मी 2700 केल्विनचा पिवळसर बल्ब लावलेला टेबलावरचा दिवा धरला, आणि तोच रंग कोवळ्या कैरीच्या सालीसारखा दिसायला लागला. रंग बदलण्याचा विषय तिथेच संपला.

हॉलमध्ये तीन दिवे आले: एक उभा, एक पाटावर ठेवलेला, एक छतातून टांगलेला. वायरिंगला हात लावला नाही, सगळे प्लगवर चालणारे. बल्ब आपल्याकडच्या नेहमीच्या पिनच्या होल्डरचेच घेतले, म्हणजे कुठल्याही गावात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. ट्यूब काढल्या नाहीत. मुलीचा अभ्यास, नवऱ्याचं काम, स्वयंपाक यांना पांढरा उजेड लागतो. भाजी निवडताना पिवळ्या दिव्याचं कौतुक कुणाला नसतं. फक्त संध्याकाळी सातनंतर हॉलची ट्यूब बंद ठेवायची असं घरात ठरलं.

टांगलेल्या दिव्याची गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या अनेक घरांप्रमाणे हॉलच्या स्लॅबमध्ये एक लोखंडी कडी आहे, पाळण्यासाठी बसवलेली. मुलीला तिथे झोपाळा हवा होता. मी नको म्हटलं. कडी आत किती गंजलीय, कशात अडकवलीय, हे बाहेरून कळत नाही आणि माणसाचा भार त्यावर टाकायचा तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकू नये. दिव्याच्या शेडचं वजन अर्धा किलोही नसतं. ती कडीला लावली. काकू पाहायला आल्या तेव्हा कडीकडे बघून मुलाच्या पाळण्याचं बोलत राहिल्या, चहा निवून गेला.

एक पट्टी, चार स्क्रू

आता त्या भिंतीबद्दल. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांत भिंतीवर दरवाज्याच्या वरच्या उंचीला लाकडी पट्टी फिरवलेली असायची, आणि तसबिरी तिला दोरीने अडकवून थोड्या पुढे झुकलेल्या असायच्या. भिंतीला भोकं न पाडता हवं ते, हवं तेव्हा बदलता येईल, अशी ती सोय होती. भाड्याच्या घरासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. रंगवून झालेल्या भिंतीवर आठ फुटांची सागवानी पट्टी, चार स्क्रू, आणि ते घट्ट बसावेत म्हणून भोकांत ठोकायच्या चार गट्ट्या. विटांची भिंत असल्यामुळे साध्या ड्रिलने काम झालं. नव्या टॉवरमध्ये भिंती बऱ्याचदा थेट काँक्रीटच्या असतात, तिथे हॅमर ड्रिल लागतं आणि घरमालक हो म्हणायलाही जड जातो.

पट्टीवर सरकणारे पितळी आकडे. मधोमध गोधडी. तिला खिळे किंवा चिमटे लावले तर शिवण ओढली जाते आणि जुनं सुती कापड तिथेच फाटतं. म्हणून मागच्या बाजूला वरच्या काठाला कापडी नेफा हाताने शिवला, त्यातून दांडा घातला, वजन सगळ्या रुंदीवर सारखं पडलं. भिंत आतली निवडली ती याचसाठी. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, आणि जिथे थेट ऊन पडतं तिथे रंग उडतात. त्या गोधडीत तिच्या आईच्या एका निळ्या साडीचा तुकडा आहे, तो आताच फिका झालाय. गोधडी आणि भिंत यांत पट्टीमुळे इंचभर अंतर राहतं, हवा खेळते. वर्षातून दोनदा काढून सावलीत वाळवायची, एवढी देखभाल.

भिंतीची जुनी हिरवी छटा त्या गोधडीतल्या मातकट लाल आणि निळ्याच्या मागे इतकी चपखल बसली की मुद्दाम निवडली असती तरी याहून बरी सापडली नसती.

बाकीचं घर

कडप्प्याच्या फळ्यांचे उघडे कोनाडे हॉलमध्ये होतेच. घर पाहताना तिला ते "जुनाट" वाटले होते. तिथे पुस्तकं लागली, मधल्या फळीवर घंगाळ आणि सावंतवाडीची फळं. घंगाळ चिंच-मिठाने घासून लख्ख करायचं की काळवंडलेलं ठेवायचं यावर नवरा-बायकोत मतभेद झाले. मी काळवंडलेल्याच्या बाजूने होते, पण तिच्या सासूबाईंनी फोनवर निकाल दिला आणि ते घासलं गेलं. ट्रंका एकावर एक ठेवून उभ्या दिव्याशेजारी टेबल झालं, वडिलांचं नाव समोर. पाट दोन जमिनीवर, दोन झाडांखाली.

टीव्ही युनिट गेलं. एकाच बदलीत त्याचे स्क्रू धरेनासे झाले होते. भुशाच्या बोर्डात स्क्रूची भोकं एकदा मोकळी झाली की फर्निचर परत घट्ट उभं राहत नाही. बदलीची नोकरी असेल तर असलं सामान स्वस्त पडत नाही, कारण ते दर दोन गावांनी नवं घ्यावं लागतं. त्याजागी वापरलेलं सागवानी शोकेस घेतलं, 11 हजारांना. ती आधी जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चकरा मारून आली, पण शेवटी ते मिळालं जुनं फर्निचर विकणाऱ्या एका दुकानात. घेण्याआधी दोन मापं घेतली: बेडरूमच्या दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणाची. जिन्यावरून वर न चढणारं कपाट सुंदर असून उपयोग नाही. हे नट-बोल्टवर सुटतं, छोट्या हत्तीत पडून जातं.

पडद्यांसाठी आधीचेच ब्रॅकेट वापरले. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड सुती, 9 हजार, खर्चाचा दुसरा मोठा आकडा, पण दुपारी घर तापणं कमी झालं हे नवऱ्याने स्वतःहून सांगितलं. शिवताना खालची दुमड मुद्दाम सहा इंच ठेवली, पुढच्या घरातल्या खिडक्या लांब असल्या तर उसवून सोडता येईल. तिला पडदे पूर्ण खणाच्या कापडाचे हवे होते. खणाचा पन्हा अरुंद, जोड फार येतात, आणि थेट उन्हात त्याचे गडद रंग टिकत नाहीत. म्हणून खण फक्त उशांच्या खोळींना. ऑनलाइन मागवलेली तागाची चटई पावसाळ्यात कुबट वास मारायला लागली होती, तिच्याजागी दोन सुती सतरंज्या आल्या. मोझॅकची फरशी मात्र झाकली नाही. ठिपक्याठिपक्यांची ती फरशी आता घालणारे कारागीर शोधावे लागतात, आणि लोक तिच्यावर प्लास्टिकचे कार्पेट पसरतात.

मुलीला भिंतीवर वॉलपेपर हवा होता. डिस्टेंपरवर तो लावणं म्हणजे हुकांचीच पुनरावृत्ती. तिच्या टेबलामागे भिंतीला टेकवून मोठा सॉफ्टबोर्ड उभा केला, कापड तिने निवडलं, पिवळ्याधमक रंगाचं. आईला तो रंग पसंत नव्हता. मी मुलीच्या बाजूने उभी राहिले, कारण बदल्यांमध्ये सगळ्यात जास्त काही सुटत असेल तर ते मुलांचं: शाळा, मैत्रिणी, खालचं अंगण. घरातले सहा-आठ चौरस फूट तरी पूर्ण तिच्या म्हणण्याप्रमाणे असू द्यावेत.

एकूण खर्च 35 हजार 500: शोकेस 11 हजार, पडदे 9 हजार, दिवे 5 हजार 500, सतरंज्या 4 हजार 500, पट्टी आणि सुताराची मजुरी 2 हजार 800, कुंड्या-झाडं दीड हजार, सॉफ्टबोर्ड 1 हजार 200. भिंतीच्या रंगाचे पैसे काकूंनी शेवटी निम्मे वाटून घेतले, ते या हिशेबात धरलेले नाहीत. यातलं सोबत न जाणारं असं फक्त पट्टीचंच, आणि तीही चार स्क्रू काढले की निघते.

काही गोष्टी झाल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या जुन्या टाइल्सवर चिकटणारा कागद लावायचा तिचा आग्रह होता. शेगडीच्या मागे तो उष्णतेने सुटतो आणि तेलाचे थेंब त्याखाली जातात, म्हणून तो भाग तसाच राहिला, आणि तिथे ते घर अजूनही कुणाचंही वाटतं. नवऱ्याच्या पेटीला नीट जागा मिळाली नाही. ती बेडरूमच्या कोपऱ्यात स्टुलावर आहे आणि त्याला ती हॉलमध्ये हवी आहे. बाथरूमला आम्ही हातच लावला नाही.

करार नंतर पुन्हा 11 महिन्यांसाठी झाला, भाडं थोडं वाढलं. नव्या मसुद्यात काकूंनी स्वतः एक कलम घालायला लावलं: हॉलमधली लाकडी पट्टी भाडेकरूची आहे, घर सोडताना ती नेता येईल, मात्र ठेवून जायची असेल तर मालक तिचे पैसे देईल.